धावत्या खांबांचा पूल

आमच्या आजोळी आषाढ लागला की बोटीचे नाव काढायचे नाही, असा दंडक होता. आजीचा धाकटा भाऊ १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोटीने रेवसला निघाला, तो पोचलाच नाही. आषाढी अमावास्येचा दिवस, बोट माणसांनी खचाखच भरलेली, वर वादळी वारा. बोट एका अंगावर कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. तेव्हापासून नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्रात पडेपर्यंत आजी घरातल्या कुणाला धरमतरची खाडीसुद्धा ओलांडू देत नसे. अशा आजीची मी नात, आणि माझाच धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर कप्तान झाला!

कप्तानाच्या घरच्या माणसांना थोडे दिवस जहाजावर राहण्याची मुभा असते. "आई, एकदा तरी माझं ऑफिस बघून जा," असे तो चार वर्षे म्हणत होता. शेवटी २०१८ च्या जुलैत योग आला. न्हावाशेव्याहून ओमानमधल्या सलाला बंदरापर्यंत तीन दिवसांचा प्रवास, आणि तिथून विमानाने परत. जुलै म्हणजे ऐन पावसाळा! आजी असती तर तिने दारात आडवे झोपून घेतले असते. ह्यांना नुसते लोकलच्या दाराशी उभे राहिले तरी गरगरते, तेव्हा ह्यांचा प्रश्नच नव्हता. मी एकटीच निघाले.

हे सरकारी बांधकाम खात्यात पूल बांधीत होते. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, पण जगातली प्रत्येक वस्तू ह्यांना पुलासारखीच दिसते. निघायच्या आदल्या रात्री मी वाटेसाठी दशम्या लाटीत होते, तेव्हा हे फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरात आले.

"बोट म्हणजे काय, अगं, पूलच. फरक एवढाच की या पुलाचे खांब धावतात."

मग पट्टीच्या मधोमध एक बोट ठेवून त्यांनी दोन्ही टोके खाली वाकवून दाखवली. लाटेचा माथा जहाजाच्या मधोमध आला की टोके अशी खाली लोंबतात. मग दोन्ही टोकांखाली वाट्या ठेवल्या. लाटांचे माथे टोकांना आले की मध्ये आधार उरत नाही, पोट खाली येते. लाट चार-पाच सेकंदांत पुढे सरकते, म्हणजे जहाजाने आत्ता पाठ काढायची नि लगेच पोट सोडायचे. हे रात्रंदिवस, आणि जहाज मोडीत निघेपर्यंत. "आता हीच पट्टी उभी धरून वाकव बघू." उभी पट्टी वाकेना. म्हणून जहाज उंच बांधतात, आणि सगळ्यात भक्कम पोलाद वरच्या डेकला नि तळाला घालतात. कारण ताण नि दाब पडतो तो तिथे. मधल्या उंचीवर त्यामानाने आराम असतो. दशम्या जळू नयेत म्हणून मी अर्धेच ऐकले. पण तो अर्धाच धडा पुढे फार उपयोगी पडला.

न्हावाशेव्याच्या धक्क्यावर टॅक्सीतून उतरले तेव्हा मला जहाज दिसलेच नाही. दिसली ती एक निळी भिंत. २६० मीटर लांब, वर रंगीबेरंगी डब्यांची चाळ. जवळ गेल्यावर त्या भिंतीवर, विशेषतः नाकाच्या बाजूला, आतल्या बरगड्या उमटलेल्या दिसल्या. दोन बरगड्यांमधला पत्रा थोडा आत गेलेला. जिन्याशी मला घ्यायला आलेला तरुण अधिकारी हसून म्हणाला, "याला आम्ही उपाशी घोडा म्हणतो." बारा वर्षे लाटांच्या थपडा खाऊन पोलादाच्या पत्र्यालाही असे खळगे पडतात. मला वाटले, आपण नव्या बोटीवर यायला हवे होते.

पहिली रात्र निवांत गेली. पेल्यातला चमचा मात्र एकसारखा किणकिणत होता. ती पंख्याची थरथर. पाच पात्यांचा पंखा मिनिटाला शंभर फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला आठेक वेळा पाणी जहाजाच्या मागल्या अंगाला ढोसते. ही थरथर बारीक, गिरणीत उभे राहिल्यासारखी. तिची तासाभरात सवय होते, आणि ती थांबली तरच माणूस दचकून उठतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या उथळ पाण्याचा गढूळ रंग गेला आणि नैर्ऋत्येकडून मोठ्या लाटा येऊ लागल्या. आम्ही पश्चिमेकडे चाललेलो, तेव्हा लाटा डाव्या खांद्यावर तिरप्या येत होत्या. चीफ इंजिनिअर वेंगुर्ल्याचे. वयाने पन्नाशीचे, मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणत. न्याहारीनंतर म्हणाले, "काकू, एक गंमत दाखवतो. पण घाबरायचं नाही."

डेकच्या खाली, जहाजाच्या कडेकडेने, इमारतीपासून पार नाकापर्यंत एक बोळ जातो. जेमतेम एक माणूस जाईल एवढा रुंद, वर दिव्यांची रांग. इतका लांब सरळ बोळ मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटचा दिवा टाचणीएवढा. चीफसाहेबांनी मला भिंतीला पाठ लावून उभे केले आणि म्हणाले, "शेवटच्या दिव्याकडे बघत राहा."

पाहिले, आणि पोटात गोळा आला. ती दिव्यांची रांग सरळ नव्हतीच! दूरचे दिवे सावकाश वर गेले, थांबले, मग छताच्या कडेआड दिसेनासे झाले. पुन्हा वर आले. मधूनच सगळा बोळ ओला पंचा पिळावा तसा किंचित पिळला जाई. पोलादाचा बोळ, अंगठ्याहून जाड पत्रे, आणि तो श्वास घेत होता.

पिळण्याचे कारण चीफसाहेबांनी आगपेटीवर समजावले. काड्यांचा नुसता आतला खोका घ्या; दोन टोकांना धरून पिळला तर सहज पिळतो. तोच बाहेरच्या वेष्टणात सरकवा, पिळत नाही. डब्यांचे जहाज हा वेष्टणाविना खोका. वरून डबे उतरवायचे म्हणून त्याचे तोंड जवळजवळ सगळेच उघडे ठेवावे लागते. त्यात लाट तिरपी आली की नाकाचा डावा खांदा आणि शेपटीची उजवी बाजू उचलली जाते. मग पीळ पडणारच. म्हणून उघड्या तोंडाच्या कडेने सर्वांत जाड पोलाद घालतात.

"हे तुटायचं नाही ना?" मी विचारले. कुठलीही आई विचारील तेच.

"काकू, वाकतंय तोवर काळजी नाही. न वाकणाऱ्याची भीती." मग त्यांनी 'शेनेक्टाडी'ची हकीकत सांगितली. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला १६ जानेवारी १९४३ च्या रात्री हे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. ना वादळ, ना लाट. मोठा आवाज झाला आणि जहाज डेकपासून खालपर्यंत दुभंगले. युद्धाच्या घाईत तेव्हा रिव्हेटांऐवजी वेल्डिंग करून शेकडो जहाजे बांधीत होते, आणि तशी आणखीही जहाजे तडकत होती. लोकांनी वेल्डिंगला बोल लावला. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी दाखवून दिले की खोट मुळात पोलादात होती: ते थंडीत काचेसारखे ठिसूळ होई. रिव्हेटांच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी येऊन अडे. वेल्डिंगने अवघे जहाज एकसंध झालेले, तेव्हा एकदा निघालेला तडा थांबायला जागाच नव्हती. एका बाईने हे शोधून काढले, म्हणून मी ते नाव टिपून ठेवले.

"पण," चीफसाहेब जरा थांबून म्हणाले, "वाकण्यालाही हद्द आहे." आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी, मी फार खनपटीला बसले तेव्हा, त्यांनी 'एमओएल कम्फर्ट'चे सांगितले.

हे जहाज ३१६ मीटर लांब, पाच वर्षांचे, म्हणजे जहाजांच्या हिशेबात पोरसवदा. सिंगापूरहून जेद्दाला चालले होते. १७ जून २०१३ रोजी याच अरबी समुद्रात, आमच्या वाटेच्या दक्षिणेला, येमेनच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर, पावसाळी लाटांत ते मधोमध मोडले. तळाचे पत्रे आधी चुरगळले. पत्र्याचा डबा दोन्ही टोकांकडून दाबावा तसे ते. मग भेग वर चढत गेली. सव्वीस माणसे होती. सगळी वाचली, दुसऱ्या एका जहाजाने त्याच दिवशी उचलून घेतली. दोन तुकडे मात्र दोन निरनिराळी जहाजे असावीत तसे तरंगत राहिले! मागचा तुकडा दहा दिवसांनी बुडाला. पुढच्याला ओढून नेत होते, तोच त्याला आग लागली नि जुलैत तोही गेला. त्याच साच्यातली भावंडे तपासली, तेव्हा काहींचे तळाचे पत्रेही थोडे फुगलेले आढळले. सगळ्यांना नंतर जादा पोलाद घालून बळकटी दिली.

माझा घास हातातच राहिला. मुलगा समोर बसून शांतपणे वरणभात जेवत होता. त्याने चीफसाहेबांकडे असे पाहिले की ते उठून इंजिनाकडेच गेले.

त्या रात्री दहाच्या सुमारास मी केबिनमध्ये जपाची माळ घेऊन बसले होते. आधी जहाजाचे नाक वर चढत गेल्याचे जाणवले, फार वर. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग असा दणका बसला की मला वाटले आपण खडकावर आदळलो. पण खरी गोष्ट त्या दणक्यानंतरची. जहाज थरथरू लागले. ती पंख्याची किणकिण नव्हती. हा सावकाश, खोल झोका. खुर्ची पुढे-मागे, पुढे-मागे, दीड-दोन सेकंदांना एक. टेबलावरच्या पेल्यातला चहा एका कडेवरून दुसऱ्या कडेला जाई. मी माळेचे मणी ओढू लागले. तेरा मणी झाले तरी तो झोका पुरता थांबला नव्हता. तेवढ्यात दुसरा दणका.

मी तशीच भिंत धरधरीत वर ब्रिजवर गेले. ज्या उंच खोलीतून जहाज चालवतात तिलाही ब्रिजच म्हणतात. ह्यांना किती आनंद होईल! आत काळोख, फक्त यंत्रांचे हिरवे उजेड. मुलगा खिडकीशी उभा होता. मला कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवून त्याने गप्प बसवले, आणि मग समोरच्या काळोखावरची नजर न काढता समजावू लागला. लहानपणी मी त्याची उजळणी घेत असे, तेव्हा तो असाच दुसरीकडे बघत उत्तरे देई.

तळहात सपाट करून हौदाच्या पाण्यावर मारला तर कसा झोंबतो? जहाजाच्या नाकाचे तेच होते. वर जास्त डबे मावावेत म्हणून या जहाजांचे नाक वरच्या अंगाला सुपासारखे पसरट करतात. नाक लाटेतून वर येते आणि खाली पडते, तेव्हा ते सूप पाण्यावर सपाट बसते. आपटण्याचा वेग दुप्पट झाला तर दाब दुपटीने नाही, चौपटीने वाढतो. आणि एका टोकाला घण बसला की सगळे २६० मीटर पोलाद घंटेसारखे घुमू लागते. दोन्ही टोके वर जातात तेव्हा पोट खाली, टोके खाली तेव्हा पोट वर. दोन्ही टोकांकडून साधारण पाव-पाव अंतरावर दोनच जागा अशा, की तिथे जहाज ना वर जात ना खाली. आमची राहायची इमारत मागच्या जागेच्या आसपास होती. पण तिथे जहाज जागच्या जागी कलते, आणि वर ही सात-आठ मजली इमारत उभी. म्हणून वर बसलेल्याला झोका बसतो तो पुढे-मागे. चाबूक झटकल्यावर तो शेवटपर्यंत लवतो, म्हणून इंजिनिअर लोक याला 'व्हिपिंग' म्हणतात. पोलाद ही कंपने लवकर गिळत नाही. वाईट असे की लाटेने जहाज आधीच वाकलेले असते, आणि त्या वाकण्यावर हा चाबकाचा ताण आणखी चढतो.

"दुसरी एक जात आहे," तो म्हणाला. त्यात दणका नसतोच. बारक्याच लाटा, पण त्यांची भेटण्याची लय जहाजाच्या झोक्याच्या लयीशी जुळते. पाळण्याला नेमक्या वेळी बोट लावत राहावे तसे जहाज तासन्‌तास थरथरत राहते. अमेरिकेच्या महासरोवरांतली लांबट, लवचीक जहाजे याबद्दल प्रसिद्ध आहेत. त्यात जहाज त्या रात्री मोडत नाही. पण वर्षानुवर्षांच्या अशा थरथरीने पोलाद शिणते, आणि जोडांपाशी केसाएवढ्या भेगा सुरू होतात.

पुन्हा दणका. मी खुर्चीचे हात धरले. त्याने धरले नाहीत. तो पाय जरा फाकून, डोळे मिटून उभा राहिला.

"काय करतोस?"

"मोजतोय. नाक इथून दोनशे मीटरवर आहे, आई. तिथे काय चाललंय ते इथे दिसत नाही, उशिरा आणि पुसट कळतं. ते पायांनीच ऐकावं लागतं." काही जहाजांवर डेकला ताण मोजणारी यंत्रे बसवलेली असतात, या जहाजावर तशी नव्हती.

मग त्याने एका जुन्या चौकशी-अहवालाचे सांगितले. १८ जानेवारी २००७ ला इंग्लिश खाडीत वादळात 'एमएससी नापोली' या जहाजाच्या अंगाला इंजिनघराजवळ तडा गेला. तिथेही सव्वीस जणच. लाइफबोटीत उतरले नि हेलिकॉप्टरांनी उचलले. जहाज पुढे डेव्हन परगण्यात ब्रॅन्सकूमजवळ मुद्दाम रुतवले. तिथे वाहून आलेले डबे फोडून लोकांनी नव्या मोटारसायकली ढकलत घरी नेल्या. त्याची तेव्हा जगभर चर्चा झाली. मोटारसायकलींचीच झाली. चौकशी करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मात्र लिहून ठेवले की त्या जागचे पत्रे चुरगळण्याविरुद्ध पुरेसे बळकट होते का, हे आराखड्याच्या वेळी नीट पडताळलेच नव्हते. त्यात व्हिपिंगने ताण वाढलेला असावा. आणि वेग कमी केला असता तर धोका बराच टळला असता.

"मग तू कर ना कमी!"

तो काही बोलला नाही. मागच्या टेबलावर एक कागद होता, कंपनीच्या ऑफिसातून आलेला निरोप. शुक्रवारी दुपारी सलालाला धक्का राखून ठेवलेला आहे, तो चुकला तर पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडेल, हवामानाचा अंदाज मर्यादेतच आहे, तरी वेग राखावा. अक्षर न अक्षर सभ्य. लिहिणारा कोरड्या मजल्यावर बसलेला.

त्या काळोखात मला पहिल्यांदा कळले की माझ्या मुलाचे काम जहाज चालवणे एवढेच नाही. पूल किती वाकू द्यायचा हे ह्यांनी आयुष्यभर कागदावर गणित करून ठरवले, वर दोन वरिष्ठांच्या सह्या घेतल्या. आणि याला ते पायांच्या तळव्यांनी, रात्री अकरा वाजता, एकट्याने ठरवायचे होते. वेळेवर पोचला असता नि काही झाले नसते, तर कुणी शाबासकी दिली नसती. उशीर झाला नि काही झाले नाही, तर म्हणणार की उगाच घाबरला. न मोडलेल्या जहाजाचा पुरावा कुठून आणायचा?

चौथा दणका बसला. या वेळी झोका थांबायच्या आत पाचवा आला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून खालून कुठून तरी, कपाट कलंडावे तसा, लांब करकर आवाज झाला. मुलाने डोळे उघडले आणि ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला सांगितले. सोळा नॉटवरून सात. एकदम नाही, हळूहळू. त्याहून कमी करता येत नाही. सुकाणूला धावते पाणी लागते, नाही तर जहाज लाटांपुढे आडवे होते. आणि तोंड थोडे दक्षिणेला वळवले, म्हणजे पीळ कमी. मग तो टेबलापाशी बसला नि ऑफिसला तीन ओळी लिहिल्या. मला वाचू दिल्या नाहीत.

अर्ध्या तासात फरक पडला. नाक वर जाई, पण खाली पडण्याऐवजी बसे. दणके थांबले असे नाही. मधूनच एखादा बसे, पण सात-आठ मण्यांत विरून जाई. मी तिथेच खुर्चीत डुलकी काढली. पहाटे जाग आली तेव्हा मुलगा त्याच जागी उभा होता आणि कुणीतरी माझ्या अंगावर त्याचे जाकीट टाकले होते. राखाडी उजेडात नाक दिसू लागले. प्रत्येक लाटेला त्याच्यावरून पांढरा फवारा उठे, आणि डब्यांच्या रांगांची सरळ रेघ वाकते, सरळ होते, वाकते, हे आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. गंमत अशी की मला आता त्याची भीती वाटेना. थांबले असते तर वाटली असती.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तसेच हळू चालत राहिलो. चीफसाहेब वर येऊन मला म्हणाले, "काकू, इंजिनालाही बरं वाटलं." ऑफिसचा दुसरा निरोप आला, तो पहिल्यापेक्षा आखूड होता.

परत आल्यावर ह्यांनी सगळे दोनदा ऐकले, आणि वाचनालयातून जाडजूड पुस्तके आणली. त्यांना सर्वांत आवडला ब्रुनेल, कारण तो मुळात पूल नि रेल्वे बांधणारा. त्याने बांधलेले 'ग्रेट ईस्टर्न' १८५८ मध्ये पाण्यात उतरले, २११ मीटर लांब. पेटीसारख्या कप्प्यांचा दुहेरी तळ, थेट लोखंडी पुलाची रीत. १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ खडकाला घासून त्याच्या बाहेरच्या अंगाला ऐंशीहून अधिक फुटांची चीर पडली, तरी आतले अंग शाबूत राहिले आणि जहाज आपल्या पायांनी बंदरात गेले. आणि १८७० मध्ये हेच जहाज मुंबईहून एडनपर्यंत तारायंत्राची केबल टाकीत गेले, जवळजवळ आमच्याच वाटेने. दुसरी गोष्ट ब्रिटिश आरमाराची. 'कोब्रा' ही विनाशिका १९०१ मध्ये उत्तर समुद्रात मोडली, तेव्हा १९०३ मध्ये त्यांनी 'वुल्फ' नावाची दुसरी विनाशिका कोरड्या गोदीत घेतली. एकदा मधोमध आधार देऊन टोके लोंबती ठेवली, एकदा टोकांना आधार देऊन मध्य मोकळा सोडला, आणि पोलादावर किती ताण येतो ते मोजले. "म्हणजे माझी फूटपट्टी!" हे ओरडले. त्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा केला.

सलालाला आम्ही शनिवारी पहाटे पोचलो, दहा तास उशिरा. धक्का दुसऱ्या जहाजाला दिलेला होता. दुपारपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबावे लागले. सलालाविषयी सांगायचे तर, अरबस्तान म्हणजे वाळू, अशी माझी समजूत होती. पण आपला पावसाळा तिथल्या डोंगरांनाही शिवून जातो. तिथे त्याला खरीफ म्हणतात. सगळीकडे धुके, बारीक झिमझिम, हिरवेगार डोंगर, आणि रस्त्याच्या कडेला चक्क नारळीच्या बागा. अलिबागला आल्यासारखे वाटले.

उतरण्यापूर्वी चीफसाहेबांनी मला नाकाच्या आतल्या कोठीत नेले. मुख्य अधिकारी नि बोसन बॅटरी घेऊन पत्रे तपासत होते. डाव्या अंगाला तीन ठिकाणी पत्रा बरगड्यांमध्ये नवा आत गेला होता, हातभर लांब, बशीसारखा खोल. रंगाच्या ताज्या खपल्या खाली पडल्या होत्या. एका बरगडीला बाक आलेला. खडूने त्यांनी प्रत्येक खळग्याभोवती गोल काढून आकडे घातले, फोटो घेतले. तडा कुठेच नव्हता. मी एका खळग्यावर तळहात ठेवून पाहिला. पोलाद गार होते, आणि धक्क्याला बांधलेल्या जहाजातही बारीक थरथरत होते.

गावात जाऊन शहाळे प्यावे, असे मुलाने जहाजावर चढल्यापासून कबूल केले होते. मी त्याच्या केबिनचे दार लोटले, तर तो बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवा. टेबलावर फोन वाजत होता. मी त्याचा आवाज बंद केला, दिवा मालवला, आणि चीफसाहेबांबरोबर शहाळे प्यायला गेले.